ताईचं 'बरं, ठेवते'

पावणेबारा झाले. झोप नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. अर्धा तास बोललो आणि मग ती एकदम म्हणाली, "बरं, ठेवते. तू दमलेली वाटतेस." तेव्हापासून ते 'बरं' डोक्यातून जात नाहीये.

आधी रागच आला. सगळ्यांची विचारपूस मी करायची, आणि माझं जरा कुठे सुरू झालं की 'बरं, ठेवते'. दादाचंही तेच. ते जाऊ दे.

मग भांडी आवरताना बोलणं पुन्हा आठवत गेले. सुरुवातीलाच ती म्हणाली होती, "हल्ली रात्री तीनला जाग येते गं." आणि मी लगेच, "अगं, मला पण!" पुढे माझी झोप, माझी पाठ, माझं ऑफिस. तिची तीनची जाग तिथेच राहिली.

चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. समोरच्याच्या बोलण्याला आधार देणारा प्रतिसाद वेगळा आणि बोलणं स्वतःकडे वळवणारा वेगळा. पण मला वळवायचं नव्हतं. 'तू एकटी नाहीस' एवढंच म्हणायचं होतं. तिला तसं ऐकू आलं असेल का? ठेवताना तिने 'दमलेली' म्हटलं ते मला. स्वतःबद्दल परत एक शब्द नाही.

२००९ मध्ये दहा भाषांमधली संभाषणं तपासली होती. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जाणारा वेळ सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा. तेवढ्यात काय सुचणार? म्हणजे दुसरा बोलत असतानाच आपण सगळे मनात आपलं वाक्य जुळवत असतो. हे आठवलं आणि जरा हायसं वाटलं. माणसाची घडणच अशी आहे, मी काही दुष्ट नाही.

तरी त्या एका वाक्यानंतर थांबता आलं असतं. "मग काय करतेस तेव्हा?" एवढंच विचारायचं होतं. खरंच, काय करते ती? दिवा लावते? पडून राहते? आईचं ते झाल्यापासूनच आहे का हे... मला काहीच माहीत नाही. इतकी वर्षं रोज बोलतो आम्ही.

माझी चूक झाली. ठीक आहे. ताई धरून ठेवणाऱ्यातली नाही, हे मला माहीत आहे.

तीनचा गजर लावलाय. जाग आली तर तिला मेसेज करीन: जागी आहेस का? आणि तिचं उत्तर पुरतं येईपर्यंत काही टाइप करणार नाही.