टेक्स्चर कॅश दुप्पट करायला निघाले होते

सहा वर्षं आरटीएल, म्हणजे चिपच्या सर्किटचं कोडमधलं वर्णन, लिहून मी ग्राफिक्स आर्किटेक्चरच्या टीममध्ये आले. व्हेरिलॉग या त्याच्या भाषेतून सुटले, आता बोर्डावर चौकोन काढायचे नि बाण जोडायचे, अशी माझी समजूत. बेंगळुरूच्या ऑफिसात दुसऱ्याच आठवड्यात लीडनी काम दिलं: मोबाइलच्या पुढच्या जीपीयूमध्ये टेक्स्चर कॅश केवढी हवी ते आकड्यांनिशी सांग. दीड महिना घे.

जीपीयू म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा चिपचा भाग, आणि टेक्स्चर म्हणजे वस्तूंवर चिकटवायची चित्रं. हे काम मुळात हिशेबाचं. 1920 बाय 1080 चा पडदा म्हणजे 20,73,600 पिक्सेल. लान्स विल्यम्स यांनी 1983 साली मांडलेले मिपमॅप, म्हणजे एकाच टेक्स्चरच्या लहान होत जाणाऱ्या प्रती, घेऊन ट्रायलिनियर फिल्टरिंग करायचं, म्हणजे लगतच्या दोन प्रतींतले रंग मिसळायचे, तर एका पिक्सेलला आठ टेक्सेल (टेक्स्चरचे ठिपके) लागतात. टेक्सेलमागे चार बाइट धरा, सेकंदाला 60 फ्रेम धरा. पडदा नुसता एकदा रंगवायचा तरी सेकंदाला जवळपास चार जीबी! हे सगळं डीरॅममधून, म्हणजे चिपबाहेरच्या मेमरीतून, आणलं तर बॅटरी बघता बघता उतरेल आणि फोन तापेल तो वेगळाच, कारण एका बेरजेपेक्षा डीरॅमपर्यंत जाऊन येणं कित्येक पटींनी महाग पडतं. म्हणून मध्ये कॅश, म्हणजे आणलेलं टेक्स्चर जवळ ठेवणारी छोटी मेमरी.

माझं उत्तर आधीच ठरलेलं होतं: दुप्पट करा. सी++ मधलं परफॉर्मन्स मॉडेल घेतलं, गेमचे ट्रेस, म्हणजे गेम चालताना टिपलेली कामं, रात्रभर चालवले आणि सकाळी ग्राफ उघडला, तर रेघ जवळजवळ आडवी. कॅश दुप्पट, मिस, म्हणजे हवं ते कॅशमध्ये न सापडण्याचे प्रसंग, किंचित कमी. तरी तेवढ्या किंचितवर मी रिव्ह्यूला गेले. चिपवर जागा आखणाऱ्या फिजिकल डिझाइनवाल्याने एकच विचारलं, "कोअर किती?" आठ. प्रत्येक कोअरची कॅश वेगळी, म्हणजे वाढवलेला एसरॅम (कॅशची मेमरी) आठ वेळा मोजायचा. पाच मिनिटांत प्रस्ताव गारद. उठता उठता लीड म्हणाले, "मिस कुठल्या ॲड्रेसवर होतात ते पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. सहा वर्षं वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नलचे आलेख, बघण्यात गेलेल्या माणसाला हे सुचू नये, याची खरी लाज वाटली.

पुढचे दोन दिवस मी लॉग वाचत बसले. वेळ, कोअर, ॲड्रेस, अशा लाखो ओळी. त्यातला एक ॲड्रेस पिवळा केला. तो कोअर 2 ने आणला होता, थोड्याच वेळात कोअर 3 ने, आणि बऱ्याच खाली पुन्हा कोअर 2 ने. आमचा जीपीयू पडद्याचे 16 बाय 16 पिक्सेलचे तुकडे, म्हणजे टाइल, पाडायचा आणि पत्ते पिसून वाटावेत तशा एकेक करून आठ कोअरना वाटायचा. कॅशची एक लाइन 64 बाइटची, म्हणजे 4 बाय 4 टेक्सेलचा ठोकळा. चौकटीच्या वहीत काढून पाहिलं. टेक्स्चर टाइलखाली नेमकं बसलं तर 16 ठोकळे पुरतात. पण ते नेमकं कधी बसतच नाही, जरा सरकलं की पाच बाय पाच, 25 लागतात. या कडेच्या ठोकळ्यांची शेजारच्या टाइललाही गरज असते, आणि शेजारची टाइल दुसऱ्या कोअरकडे, त्याची कॅश वेगळी! माझी कॅश कितीही फुगवली तरी त्याला उपयोग शून्य. एका ओळीत 120 टाइल, म्हणून बरोबर खालची टाइल फिरून त्याच कोअरकडे यायची, पण मध्ये 14 टाइल उरकून. तोवर लाइन हाकलली गेलेली असायची. दुप्पट कॅशचा तो किंचित फायदा इथला होता.

मग उपाय उघड होता. शेजारच्या चार टाइल, दोन बाय दोन, एकाच कोअरला द्यायच्या. यात माझी हुशारी फार नाही. टेक्स्चर ठोकळ्यांनी साठवा आणि रास्टरायझेशनही, म्हणजे आकारांचे पिक्सेल पाडणंही, तुकड्यातुकड्यांनी करा, हे हाकुरा आणि गुप्ता यांनी 1997 च्या निबंधात दाखवून ठेवलंय. हाव सुटून मी चार बाय चारही करून पाहिलं. मिस आणखी घटले, पण एखाद्या प्रसंगात नायकाचा चेहरा, केस, चिलखत सगळं एकाच कोअरच्या वाट्याला यायचं आणि फ्रेमच्या शेवटी बाकीचे सात हात चोळत बसायचे. दोन बाय दोनवर थांबले. एसरॅम एक बाइटही वाढला नाही.

दुसरा रिव्ह्यू सुरळीत झाला. तिथून पुढे मात्र नुसतं स्पेक, म्हणजे डिझाइनचा लेखी तपशील, लिहीतच होते. डिझाइन तपासणाऱ्या व्हेरिफिकेशनच्या मुलीने विचारलं, "1080 ला 16 ने भागलं की साडेसदुसष्ट येतात, शेवटच्या अर्ध्या ओळीचं काय?" त्यावर स्पेकमध्ये दीड पान गेलं. चौकोन आणि बाण काढले ते एवढ्यातच, तेही तिला समजावताना.

शेवटी ड्रायव्हरवाल्यांनी चिकन बिट मागितला, म्हणजे रजिस्टरमधला असा एक बिट, की तो 1 केला की हे सगळं बंद होऊन जुनी वाटणी चालू व्हावी. मला अपमान वाटला. लीड म्हणाले, "घाल गुपचूप."

सिलिकॉन हातात यायला वर्षाच्या वर गेलं. ड्रायव्हरमध्ये आज एक गेम असा आहे, ज्याच्यासाठी तो बिट 1 असतो.