लेप, फोडी आणि फळाचा श्वास

फळांवर खाण्यायोग्य लेप देण्याचा प्रकल्प मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी घेतला. तेव्हा माझी समजूत सरळ होती: बाहेरची हवा अडवली की फळ टिकणार. ती मोडायला बरेच महिने आणि बरीच फळं खर्ची पडली.

सुरुवात सफरचंदाच्या फोडींपासून केली. सफरचंद कापलं की पेशी फुटतात, त्यातली विकरं (एन्झाइम) ऑक्सिजन मिळताच कामाला लागतात आणि फोड तपकिरी पडते. लेपासाठी सोडियम अल्जिनेट निवडलं, तेही समुद्रातल्या तपकिरी शैवालातून निघणारं. पाण्यात २ टक्के, एवढंच करायचं होतं. मी सगळी पूड एकदम ओतली आणि बीकरमध्ये गोळे तरंगू लागले, वरून चिकट, आतून कोरडे ठणठणीत. स्टरर तासभर फिरला तरी सुटेनात. मार्गदर्शक मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पूड आधी ग्लिसरॉलमध्ये भिजव. मग पाणी फिरत असताना थोडी थोडी सोड." गोळे बंद झाले. शिवाय ग्लिसरॉल लेपात हवंच होतं, त्याच्याविना वाळलेला थर तडकतो. द्रावण रात्रभर तसंच ठेवलं की त्यातले बुडबुडेही निघून जातात.

यातला मला सगळ्यात आवडणारा टप्पा पुढचा. द्रावणातून काढलेली फोड निथळून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडली की अल्जिनेटच्या लांब साखळ्यांना कॅल्शियम एकमेकींशी बांधतं आणि ओघळणाऱ्या द्रावणाचा बघता बघता पातळ पारदर्शक थर होतो. याच पाण्यात मी ॲस्कॉर्बिक आम्लही (क जीवनसत्त्व) घातलं, कारण तपकिरीपणा नुसत्या थराने पुरेसा थांबत नव्हता. एकदा थर घट्ट व्हावा म्हणून कॅल्शियम वाढवलं. फोड छान कडक राहिली, पण जिभेवर कडवट लागली. ती सगळी खेप टाकून दिली.

मग वजनाचा घोळ. पहिल्या दिवशी लेप दिलेल्या फोडींचं वजन बिनलेपाच्या फोडींइतकंच, कधी जास्तच घटत होतं. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. अल्जिनेटला पाणी प्रिय असतं, ते वाफ फारशी अडवत नाही, हे वाचलेलं होतं, तरी समोरचे आकडे उमगत नव्हते. मग लक्षात आलं की आधी उडत होतं ते थरातलंच पाणी. म्हणजे लेप स्वतः सुकत होता आणि तेवढा वेळ फोडीचं पाणी वाचत होतं. तेव्हापासून लेप वरवर कोरडा झाल्यावरचं वजन सुरुवातीचं धरलं आणि वही पहिल्या पानापासून नव्याने लिहिली.

पाणी अडवायचं तर मेणासारखं काहीतरी हवं, म्हणून अख्ख्या संत्र्यांकडे वळले. शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ, लावल्यावर संत्री अशी झळकली की मी दोन थर दिले. दहाव्या दिवशीही साल टवटवीत होती. एक सोललं, तर आंबूस दारूसारखा भपकारा आला. तोडलेलं फळही जिवंत असतं. ते ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. माझ्या जाड थराने ऑक्सिजनचा रस्ता इतका रोखला होता की आतमध्ये ऑक्सिजनविना श्वसन सुरू होऊन इथेनॉल साचलं होतं. वरून देखणं आणि आतून बिघडलेलं ते फळ हातात धरून मला खरंच अपराधी वाटलं.

पुढे कार्नाउबा मेणाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं मेण, घेतलं. ते एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, शेलॅकइतकं चमकत नाही, पण पाणी चांगलं धरतं आणि हवेला वाट ठेवतं. एकच पातळ थर, मग पंख्याखाली पूर्ण सुकवणं. सुकवण्यात घाई केली की फळं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना थर सोलला जातो. देठाजवळची खोबण हमखास राहून जायची, तिथे मऊ कुंचला फिरवावा लागे.

आता कोणताही नवा लेप आला की चमक आणि वजन नंतर बघते. आधी दर दोन दिवसांनी एक फळ सोलते, हुंगते आणि चावून खाते.