टिपबर्न: बटरहेडचा गड्डा अखेर स्वच्छ निघाला

काल घरात मातीविना, टबातल्या पाण्यावर वाढवलेल्या बटरहेड लेट्यूसचा (सॅलडच्या मऊ पालेभाजीचा) गड्डा मधोमध चिरला आणि गाभ्यातल्या बोटभर पानापर्यंत एकही करपलेली कड दिसली नाही. पावसाळा लागल्यापासून असा गड्डा हा पहिलाच. सासूबाईंनी तो अख्खा कोशिंबिरीला घेतला. एरवी गाभा खरवडून टाकावा लागायचा आणि नेमकं तेच पान सर्वांत कोवळं.

टिपबर्न म्हणजे कॅल्शियम कमी पडून कोवळ्या पानांच्या कडा करपणं. मागच्या नोंदीपर्यंत माझा सगळा संशय टबातल्या पाण्यावर होता. आपल्या मुंबईचं नळाचं पाणी तलावांचं, मृदू, त्यातून कॅल्शियम फारसं मिळत नाही. म्हणून कॅल्शियम नायट्रेट वाढवलं. ईसी (पाण्यात विरघळलेल्या खताचं माप) १.४, पीएच (आम्लतेचं माप) ५.८, थर्माकोलच्या आवरणामुळे टब थंड, मुळं पांढरीशुभ्र. तरी कडा करपायच्या त्या करपतच राहिल्या. फवारणीही करून पाहिली. फवारा बाहेरच्या पानांना लागतो, मिटलेल्या गाभ्यात शिरत नाही.

अडचण पुरवठ्याची नाही, वाहतुकीची आहे. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर झायलममधून (पाणी वर नेणाऱ्या नळ्यांतून) वर चढतं आणि ज्या पानात पोचलं तिथेच बसतं; जुन्या पानातलं नव्याला मिळत नाही. ओढ लागते ती पानातून पाणी उडालं तरच. गाभ्यातली पानं एकमेकांना चिकटलेली, मधे दमट हवा कोंडलेली, तिथून पाणी उडणार कुठून? त्यात ऑगस्टमधला आपला टेंट (दिव्यांखाली झाडं वाढवायचा बंदिस्त तंबू): २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. व्हीपीडी, म्हणजे पानातलं पाणी ओढून घ्यायची हवेची ताकद, जेमतेम ०.५७ किलोपास्कल. एक्झॉस्ट कितीही फिरवला तरी ओली हवा जाते आणि ओलीच येते. पेल्टियरवाले, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेले, हवेतली ओल काढणारे छोटे डीह्युमिडिफायर या शहरात घेऊच नका, दिवसभरात पेलाभर पाणी काढतात. कॉम्प्रेसरवाला काम करतो, पण खोली तापवतो.

म्हणून आर्द्रतेचा नाद सोडला आणि वाऱ्याची दिशा बदलली. बाजूने येणारा वारा वरची पानं हलवतो, गाभ्याला स्पर्शही करत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या हायड्रोपोनिक (मातीविना) लेट्यूसच्या पद्धतीत दिवसाला, दर चौरस मीटरला १७ मोल प्रकाश आणि डोक्यावरचा पंखा जोडीनेच येतात, ते उगाच नाही. लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे कॉम्प्युटर फॅन आणले आणि प्रत्येक टबावर एक, तोंड थेट खाली, असे टांगले. बॉल बेअरिंगचेच घ्या. आडवे टांगलेले स्लीव्ह बेअरिंगवाले लवकर कुरकुरायला लागतात. ‘ग्रो फॅन’ नावाने विकले जाणारे क्लिपवाले पंखे मला निव्वळ महाग वाटतात.

जोडीला दिव्यांचं पॅनल मंद केलं. ३०० पीपीएफडी (पानांवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता), १६ तास म्हणजे १७.३ मोल होत होते. आता २३० वर १३.२. गड्डा सावकाश भरतो, पण पान वाढायच्या वेगाला कॅल्शियम पुरं पडतं. या दोन्हींतलं जास्त श्रेय कोणाचं? माझं मत पंख्याला, कारण नुसता प्रकाश कमी केला होता तेव्हा कडा कमी करपल्या, थांबल्या नव्हत्या.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. माझे दिवे संध्याकाळी ७ ते सकाळी ११, म्हणजे झाडांची रात्र आपल्या भरदुपारी. पंखे बसवण्यापूर्वी संध्याकाळी टेंट उघडला की कोवळ्या पानांच्या कडांवर टपोरे थेंब असायचे. ते दव नव्हे, गटेशन. अंधारात, दमट हवेत मुळांचा दाब पाणी वर रेटतो आणि त्याबरोबर कॅल्शियम मिटलेल्या पानांतही पोचतं. पंखे अहोरात्र चालू ठेवल्यापासून ते थेंब दिसत नाहीत. म्हणजे अंधारातली जी आर्द्रता मी हटवत बसले, ती कामाचीच असावी!

त्यामुळे मोठा डीह्युमिडिफायर घ्यायचा बेत तूर्त रद्द. डाव्या टबाचा पंखा टायमरवर टाकते, दिव्यांबरोबर चालू, दिव्यांबरोबर बंद. उजव्याचा अखंड चालू राहील. अंधारात ईसी १.० वर आणला तर दाब आणखी वाढेल, पण ते आत्ता नको, एका वेळी एकच बदल. धास्ती आहे ती बोट्रायटिसची. राखाडी बुरशीचा ठिपका दिसला की डावा पंखा लगेच पूर्ववत. नवी रोपं रॉकवूलमध्ये (दगडी लोकरीच्या ठोकळ्यांत) दोन पानांवर आहेत, दोन्ही टबांत सारखी वाटून लावते. ठाणे-वसईकडे कोणी अंधारात पंखा बंद ठेवून बटरहेड काढलं असेल, तर आर्द्रता किती होती तेवढं जरूर कळवा.