क्रोमचा २०१९ मधला बग समजून घेताना: माझा अनुभव

'यूज-आफ्टर-फ्री म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं.' क्रोमच्या या बगाबद्दल (नोंद क्रमांक सीव्हीई-२०१९-५७८६) काहीही वाचायला घ्या, लेख या वाक्यापाशी थांबतो आणि पुढे 'अपडेट करा' म्हणून मोकळा होतो. मेमरी मोकळी केली कुणी? का? याचं उत्तर न देणाऱ्या लेखांचा राग मला अजून येतो.

वरवरची माहिती चटकन मिळाली. चूक फाइलरीडरमध्ये, म्हणजे वेबपानाला फाइल वाचू देणाऱ्या क्रोमच्या भागात होती, १ मार्च २०१९ ला दुरुस्ती आली, आणि त्याआधीच ३२-बिट विंडोज ७ वर हल्ले झाले होते.

मी अडकलो दुरुस्तीपाशी. ती अगदी छोटी: फाइल वाचून पूर्ण झाली नसेल, तर बफरची (वाचलेला मजकूर साठवणाऱ्या मेमरीच्या तुकड्याची) प्रत द्या. पण मूळ बफरवर संदर्भांची मोजणी, म्हणजे तो किती जण वापरताहेत याचा हिशोब, होतीच. कुणीतरी तो धरून असताना मेमरी मोकळी होईलच कशी? इथे मी फार दिवस घासलो.

उत्तर निघालं बफर परत देणाऱ्या फंक्शनमध्ये. बफर काठोकाठ भरला असेल तर ते प्रत करत नाही, तोच बफर देतं. आता शेवटचा क्षण घ्या: सगळे बाइट आलेत, पण 'वाचन संपलं' ही खूण अजून लागलेली नाही. तेव्हा निकाल दोनदा मागितला की जावास्क्रिप्टला दोन वेगळे ऑब्जेक्ट मिळतात आणि खाली जागा एकच. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघावेत तसं. त्यातला एक पोस्टमेसेजने (पानातून दुसरीकडे डेटा पाठवणाऱ्या हाकेने) वर्करच्या, म्हणजे पानामागे वेगळ्या धाग्यात चालणाऱ्या कोडच्या, नावावर केला की तो इकडे रिकामा होतो. दुसऱ्याला पत्ताच नसतो. वर्कर संपला, मेमरी मोकळी झाली, आणि दुसरा ऑब्जेक्ट तिथेच लिहीत राहतो. मोजणी वरच्या आवरणाची होती, आतली जागा हस्तांतरात कधीच निघून गेली होती!

हे कागदावर बाण काढल्यावरच दिसलं, तेव्हा तुम्हीही आधी कागद घ्या. लेखांच्या आधी दुरुस्तीचा डिफ (कोडमध्ये नेमकं काय बदललं ते) वाचा, आणि त्यातून ज्या फंक्शनला हाक जाते तेही उघडा. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

एक सांगायचं राहिलं. क्रोम अपडेट आपोआप उतरवतं, पण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनाच कोड चालतो. 'अपडेट करा' सांगणाऱ्यांनी निदान एवढं तरी लिहायला हवं होतं. क्रोमियमच्याच (क्रोम ज्यावर बांधलंय त्या मुक्त प्रकल्पाच्या) पाहणीत गंभीर सुरक्षा-बगांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे निघाले, आणि त्यातले निम्मे याच यूज-आफ्टर-फ्री जातीचे.