तुम्ही विचारलंत म्हणून: माझा एच-इंडेक्स

माझा विषय भ्रूणविज्ञान, म्हणजे भ्रूण कसा घडतो त्याचा अभ्यास. पीएचडीसाठी गाईड शोधणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा गूगल स्कॉलरवरचं माझं पान बघूनच आलेली असतात. थोडं चाचरत विचारतात, "मॅडम, तुमचा एच-इंडेक्स 17 आहे. दुसऱ्या लॅबमधल्या सरांचा 40. मग तुमच्याकडे का यावं?" मला हा प्रश्न मुळीच उद्धट वाटत नाही. आयुष्यातली पाच-सहा वर्षं द्यायची, तर विचारायलाच हवं.

17 म्हणजे काय, ते आधी सांगते. माझे 17 पेपर असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाचा संदर्भ इतरांनी निदान 17 वेळा दिलाय. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली हे माप सुचवलं. एका आकड्यावरून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो, हेही त्याने त्याच लेखात बजावलं होतं. आकडा सगळ्यांनी उचलला, बजावणी तिथेच राहिली.

शिवाय जेवढे पेपर, त्याच्यावर एच-इंडेक्स जाऊच शकत नाही. इथे मला दर वेळी हिल्डे मांगोल्ड आठवते. जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांच्याकडे पीएचडी करताना तिने फिकट रंगाच्या न्यूटच्या (पालीसारखा दिसणारा, बेडकासारखा उभयचर प्राणी) भ्रूणातला एक कण काढून गडद रंगाच्या न्यूटच्या भ्रूणात, पोटाच्या बाजूला बसवला. भ्रूण दीड-दोन मिलिमीटरचा, हत्यारं म्हणजे काचेची सुई आणि केसाचा फास. अँटिबायोटिक्स नव्हतीच, त्यामुळे बहुतेक भ्रूण मरायचे. जे थोडे तगले, त्यांच्या पोटावर दुसरा भ्रूण घडू लागला, मज्जारज्जूसकट. रंगावरून कळत होतं की हा दुसरा भ्रूण बराचसा यजमानाच्याच, म्हणजे ज्यात तुकडा बसवला त्या भ्रूणाच्या पेशींचा होता. म्हणजे बसवलेल्या तुकड्याने शेजारच्या पेशींना काय व्हायचं ते सांगितलं होतं! शिकवताना आजही या ठिकाणी माझा आवाज चढतो.

तो पेपर 1924 साली आला. त्याच वर्षी गॅस हीटरच्या स्फोटात ती गेली, वयाच्या पंचविशीत. 1935 चं नोबेल श्पेमान यांना मिळालं. तिच्या नावावर जेमतेम एक-दोन पेपर, त्यामुळे तिचा एच-इंडेक्स दोनाच्या पुढे कधीच जाणार नाही. शेजारच्या पेशींना घडवणाऱ्या अशा तुकड्याला 'ऑर्गनायझर' म्हणतात; आता तर हा शब्द इतका मुरलाय, की तो वापरताना मूळ पेपरचा संदर्भ द्यायची अनेकांना गरजही वाटत नाही. काम पाठ्यपुस्तकात गेलं की सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत मिळणारे संदर्भ, आटतात.

आमच्या विषयाची चालच संथ आहे. एडवर्ड लुईस यांनी फळमाशीच्या एका जनुकसमूहावर तीसेक वर्षं घालवली आणि 1978 साली 'नेचर'मध्ये सहा पानांत ते मांडलं. नोबेल 1995 ला.

बढतीच्या वेळी मात्र यूजीसीच्या तक्त्यात पेपरचे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात, यावरून) ठरतात, म्हणजे माझ्या पेपरची किंमत शेजारच्या पेपरांवरून. हे मला मनापासून खटकतं. 'जर्नल ऑफ एम्ब्रिऑलॉजी अँड एक्स्परिमेंटल मॉर्फॉलॉजी' हे आमचं घरचं नियतकालिक, 1987 पासून त्याचं नाव 'डेव्हलपमेंट'. बाहेरच्यांना ते फारसं ठाऊक नसतं. 1955 साली डेनिस न्यू यांनी कोंबडीचा भ्रूण काचेच्या कडीवर वाढवायची पद्धत त्यात दिली. पुणे विद्यापीठाच्या लीला मुल्हेरकर यांचा कोंबडीच्या भ्रूणावरचा पेपर त्यातच, 1958 चा. जॉन गर्डन यांचा बेडकांवरचा 1962 चा पेपरही तिथलाच. त्या कामाला नोबेल मिळेपर्यंत 2012 उजाडलं.

आता माझं. माझा सर्वांत जास्त सायटेशनचा लेख म्हणजे चार महिन्यांत लिहिलेला रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या संशोधनाचा आढावा. त्यात माझा एकही प्रयोग नाही. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी मिटताना पेशी कशा सरकतात, यावर मी सहा वर्षं काम केलं. त्या पेपरला 11 सायटेशन. ती सगळी मी उघडून वाचली आहेत. काहींनी प्रस्तावनेत नुसतं नाव घेतलंय. एका गटाने मात्र माझा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि एका टप्प्याची वेळ मी चुकीची धरली होती, हे दाखवून दिलं. त्यांचं बरोबर होतं. कुणीतरी माझ्यासारखेच भ्रूण समोर ठेवून तासन् तास बसलं होतं, याचा मला झालेला आनंद इतर कुठल्या सायटेशनने दिलेला नाही.

तेव्हा 40 वाल्या सरांकडे जरूर जा, काम आवडलं तर. पण आकडा बघून झाला की आम्हा दोघांचाही एकेक पेपर घेऊन बसा. किती भ्रूणांवर प्रयोग केला, त्यातले किती वाया गेले, ते लिहिलंय का बघा. आधीचे विद्यार्थी आज काय करतात, ते त्यांनाच फोन करून विचारा.

आणि एकदा लॅबमध्ये या. सोमवारी दुपारी 4 वाजता मी अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवते, मंगळवारी सकाळी 10 ला फोडते. बलकावरचं पातळ पटल भ्रूणासकट अलगद सोडवून वॉच ग्लासमध्ये (काचेच्या उथळ बशीत) काचेच्या कडीवर ताणायचं असतं. पहिली पाच-सात तुमच्या हातून फाटतील. एखादं जमलं, तर बुधवारी सकाळी लवकर या. हृदय तेव्हा नुकतंच धडधडू लागलेलं असतं.