दीड आणि १.५०

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. त्या दिवशी माझ्या दुकानासमोर सायकल टेकवायलाही जागा नसते. त्यात सकाळी नऊच्या सुमारास आमच्या वाड्यावरचे पोदेर, म्हणजे पाववाले, मामा आले, तेही सायकल ढकलत. कॅरियरवर पावाची टोपली नाही, मागच्या चाकाला टायर नाही, आणि पाठीमागून भाचा नवा कोरा टायर गळ्यात घालून येतोय.

"दादा, हा बसतच नाही हो. दोघं मिळून तासभर झटलो."

मामा चंदगडकडचे. आयुष्य गोव्यात पाव विकण्यात गेलं. पहाटेची फेरी त्यांनी कोणाची तरी सायकल मागून कशीबशी उरकली होती. दुपारची चारची फेरी डोक्यावर होती.

ट्यूब बाहेर काढली तर तिला स्क्रू ड्रायव्हरचे दोन घाव. ते होणारच होते. मग मी स्वतः टायर चढवायला बसलो. एक बाजू कशीबशी आत गेली. दुसरी वीतभर उरली आणि तिथून हलेना. टायर चढवायची पट्टी लावली, साबणाचं पाणी लावलं, अंगठे लाल झाले. बाजारात आलेले दोघे-तिघे थांबून सल्ले द्यायला लागले. (सायकलच्या दुकानात सल्ला फुकट मिळतो, तो बहुतेक बाहेर उभ्या असलेल्यांकडून.)

शेवटी टायर काढला आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. छाप वाचला. २८ × १.५०, आणि शेजारी बारीक अक्षरांत ४०-६२२. मग मामांच्या झिजलेल्या टायरवरचा चिखल फडक्यानं पुसला. २८ × १ १/२, ४०-६३५.

भाच्यानं दोन्ही बघितले. बारावीला आहे पोरगा. म्हणाला, "काका, दीड म्हणजे एक पॉइंट पाचच ना?"

याला काय उत्तर देणार? गणितात तो बरोबर होता. शिवाय आठवड्यापूर्वी तोच विचारायला आला तेव्हा एका चेनची कडी जोडता जोडता, मान वरही न करता मीच सांगितलं होतं, "अठ्ठावीस दीड. आता माल नाही, पुढच्या आठवड्यात बघ." पुढच्या आठवड्यापर्यंत पोदेरानं काय करायचं? पोरानं रात्री मोबाइलवर टाइप केलं, दोन दिवसांत टायर दारात. माझ्यापेक्षा स्वस्त.

अशा टायरच्या काठात पोलादी तार असते आणि ती ताणत नाही. ६३५ किंवा ६२२ हा आकडा म्हणजे ती तार रिमवर जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. फरक १३ मिलिमीटरचा, पण घेर धरला तर चार सेंटिमीटर कमी. कुणाच्या अंगठ्यात तेवढं बळ नाही. साध्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस वेगळा आणि हायब्रिड सायकलीचा अठ्ठावीस, ज्याला ७०० सी म्हणतात, तो वेगळा. सव्वीसचंही तेच: जुन्या सायकलीचा १ ३/८ वाला ५९० आणि जाड टायरच्या माउंटन बाइकचा ५५९. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दुकानात चाक समोर असतं, हात आपोआप योग्य टायरकडे जातो, आकडा बोलायची वेळच येत नाही.

डिचोलीतल्या एका जुन्या दुकानदाराला फोन लावला. माळ्यावर एक असेल म्हणाला.

"आकडा वाच."

"अरे, अठ्ठावीस दीड म्हटलं ना!"

"वाच म्हणतो ना."

त्यानं करवादत चश्मा शोधला, आकडा वाचला. सहाशे पस्तीस. टायर बसच्या कंडक्टरच्या हाती दिला, भाचा स्टँडवर जाऊन उभा राहिला. दीड वाजता टायर हातात. माळ्यावरची धूळ झटकली, सगळीकडून वाकवून बघितला. जुना माल कडेला तडकलेला असतो, हा नव्हता. नवी ट्यूब घातली आणि टायर नुसत्या हातांनी चढला. हवा भरून चाक फिरवलं. काठाची रेघ सरळ धावत होती.

मामा खिशात हात घालत होते. टायरचे घेतले, ट्यूबचे नाही घेतले. ऑनलाइनवाला टायर परत जाणं शक्य नव्हतं, पट्टीनं काठ खरवडला होता, त्यात माझाही हात होता. तो मीच पोरानं दिलेल्या किमतीला ठेवून घेतला.

गंमत म्हणजे गिअरच्या सायकलीचा मागचा हँगर, म्हणजे गिअर अडकवायचा तुकडा, वाकला की गिऱ्हाइकाला ऑनलाइन बघायला सांगणारा मीच. त्याचे इतके आकार आहेत की एवढे ठेवायला मला दुसरं दुकान घ्यावं लागेल. फक्त जुना तुकडा शेजारी ठेवून, भोकं मोजून मागवा म्हणतो.

चारनंतर मामांच्या भोंग्याचं पोंऽ पोंऽ ऐकू आलं. उंडे, म्हणजे पाव, घ्यायला बायको फाटकापर्यंत गेली.

तो टायर अजून दुकानात टांगलाय, त्यावर खडूनं मोठं ६२२ लिहिलंय. परवा एक हायब्रिडवाल्या बाई येऊन हात लावून, दाबून बघून गेल्या. म्हणाल्या, ऑनलाइन स्वस्त मिळतो.