आधी लिव्हर, मग गार्ड

मोटारसायकल वाळूत आडवी पडली होती आणि इंजिन किंचाळत होतं. भाचा तिच्याशेजारी गुडघे टेकून उजवी मूठ जोर लावून पुढे फिरवू पाहत होता. “आत्या, रेस बंदच होत नाहीये!” मी माझी गाडी तशीच सोडून धावले आणि इंजिन बंद करणारा किल स्विच दाबला. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. माझे हात मात्र नंतर बराच वेळ थरथरत होते.

पडला होता तो अगदी सावकाश, चालण्याच्या वेगानं. उजव्या हँडगार्डचं, म्हणजे मुठीपुढे हात आणि लिव्हर वाचवणाऱ्या पट्टीचं, टोक आधी जमिनीला लागलं, गार्ड थोडासा आत सरकला आणि त्यानं रेसच्या नळीचं, म्हणजे उजव्या ग्रिपखाली हँडलवर फिरणाऱ्या नळीचं, टोक दाबून धरलं. ब्रेकची लिव्हर शाबूत होती, बोटं शाबूत होती. गार्डनं आपलं काम केलं होतं, चूक बसवण्यात होती. आदल्या रात्री भाच्यानं दोन्ही गार्ड स्वतः लावले होते. सकाळी म्हणाला, “सगळं घट्ट आवळलंय बघ.” मी नुसती मान डोलावली, वाकून पाहिलं नाही. ते मनाला अजून खातं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी दोन्ही गार्ड उतरवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याचे गार्ड बंद जातीचे. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हँडलच्या टोकातून निघते, लिव्हरला बाहेरून वळसा घालते आणि आतल्या बाजूला क्लॅम्पनं हँडलला धरते. दुसरी जात उघडी. तिला फक्त आतला आधार, बाहेरचं टोक मोकळं. मोटोक्रॉसवाले, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यत करणारे, बहुधा हेच लावतात. उघडा गार्ड फांद्या आणि उडणारे खडे अडवतो, पण गाडी दगडावर आपटली तर लिव्हर वाचेलच असं नाही. बंद गार्डची भीती वेगळी. माणूस पुढे फेकला गेला तर मनगट पट्टी आणि हँडल यांच्या मधे अडकू शकतं. हे ठाऊक असून मी बंदच वापरते, कारण मी पडते ती सावकाश, चढावर नाहीतर झाडांच्या दाटीत, आणि तिथे क्लचची लिव्हर तुटली की पुढचा प्रवास गाडी ढकलत. ज्याला वेगात उड्या मारायच्या आहेत त्याला मी बंद गार्ड सुचवणार नाही.

आता बसवण्याचं. बहुतेक जण आधी गार्ड पक्का करतात आणि मग लिव्हर त्याच्या आत कशीबशी कोंबतात. लिव्हरच्या टोकाची गोल गोळी पट्टीला घासली की लिव्हर खाली फिरवायची, क्लचची वायर अडली की वर फिरवायची. भाच्यानं नेमकं हेच केलं होतं. त्याची क्लच लिव्हर जवळजवळ आडवी झाली होती, उभ्यानं चालवताना मनगट मोडून धरावं लागेल इतकी. हात त्याचा, लिव्हर त्याच्या हाताची. गार्डनं तिच्याभोवती जागा शोधायची असते.

म्हणून त्याला फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभं केलं, मी गाडी पुढून धरली. हात हँडलवर, बोटं सरळ. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ जिथे येईल तिथे लिव्हर. ही झाली वर-खालची गोष्ट. आत-बाहेरची त्याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. लिव्हरचा क्लॅम्प मुठीला चिकटवून ठेवायची गरज नसते. तो आत सरकवा, इतका की तर्जनी लिव्हरच्या टोकाजवळच्या खळीत बसेल. टोकाशी ओढलं की कमी जोर लागतो, एका-दोन बोटांत क्लच दबतो. आणि लिव्हरचं टोक आत गेल्यामुळे गार्डसाठी बाहेर आपोआप जागा होते. मर्यादा दोनच: हँडलला बाक सुरू होतो तिथवर क्लॅम्प नेता येत नाही, आणि स्विचच्या डबीलाही जागा लागते. भाच्याच्या गाडीवर आम्ही दोन्ही लिव्हर साधारण दोन सेंटिमीटर आत नेल्या. निम्मं काम तिथेच झालं.

जागा पुरते का हे बघताना लिव्हर मोकळी ठेवून बघू नका. ती दाबून बघा. लिव्हर मोकळी असताना मुठीपासून लांब, तिरकी असते. दाबली की ती आपल्या खिळ्याभोवती फिरून मुठीला समांतर होत जाते आणि तिचं टोक मागे येता येता बाहेरही सरकतं. १७० मिलिमीटरची लिव्हर वीस अंश फिरून समांतर झाली तर टोक सुमारे १० मिलिमीटर बाहेर जातं. आणि जातं ते नेमकं त्या कोपऱ्यात, जिथे गार्डची पट्टी हँडलच्या टोकाला मिळते. मोकळ्या स्थितीत बोटभर जागा दिसते, दाबल्यावर गोळी पट्टीला टेकते. क्लचला हे झालं तर गिअर नीट पडत नाही आणि माणूस उगाच क्लच प्लेटवर संशय घेतो. ब्रेकला झालं तर काय होईल ते लिहायला नको. लिव्हर मुठीपासून किती लांब हे ठरवणारा स्क्रू असेल तर तोही आधीच बसवून घ्या, त्यानंही टोकाची जागा बदलते.

जागा करायला काही जण लिव्हरच्या टोकाची गोळी करवतीनं उडवतात. कृपा करून हे करू नका. पडताना लिव्हर अंगात घुसू नये म्हणून ती गोळी असते. एफआयएम या मोटारसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा-नियमांत तिचा व्यास किमान १६ मिलिमीटर सांगितला आहे तो याचसाठी. लिव्हर लांबच पडत असेल तर आखूड लिव्हर घ्या, तिलाही गोळी असते.

मग हँडलचं टोक. मुठीजवळ हँडल बाहेरून २२ मिलिमीटर, मध्यभागी जाड असलेलं २८.६चं हँडलसुद्धा मुठीशी २२चंच होतं. पण आतली पोकळी सारखी नसते. स्टीलची भिंत पातळ म्हणून पोकळी मोठी, अ‍ॅल्युमिनियमची जाड म्हणून लहान. गार्डबरोबर येणारी चिरलेली बुशी आपल्या पोकळीच्या मापाची आहे ना, ते हातानं घालून बघावं. बोल्ट आवळला की निमुळता तुकडा आत ओढला जातो, बुशी फुगते आणि हँडलला आतून धरते. तिथे ग्रीसचा थेंबही नको. भाच्याच्या हँडलच्या आत तेलाचा ओशट थर होता, म्हणूनच बुशी सरकली असावी. आम्ही चिंधीनं पुसून कोरडं केलं. बोल्टच्या आट्यांना मात्र मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सुटू न देणारा गोंद, लावलं.

आणि आता उजवी बाजू, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. रेसच्या नळीचं टोक मुळात बहुधा बंद असतं. गार्डची बुशी आत जायची तर ते कापावं लागतं, ग्रिपच्या रबरासकट. काप गोल आणि स्वच्छ हवा. कानशीनं कड गुळगुळीत करून कीस पूर्ण झाडून काढावा, नाहीतर तोच नळीत अडकतो. यानंतर नळी आणि गार्ड यांच्यामध्ये फट ठेवायची. मी २ मिलिमीटर ठेवते. रबराची कड फुगून बाहेर येत असेल तर ती नळीच्या काठाच्याही थोडी आत कापते. फट मोजायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. तो फटीत घालून गार्ड आवळायचा आणि मग ओढून काढायचा. रेस पूर्ण उघडून सोडली की खट्कन परत आली पाहिजे. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून, तिन्ही ठिकाणी. त्यानंतर इंजिन सुरू करून, न्यूट्रलमध्ये, पुन्हा दोन्हीकडे. वळवताना आवाज चढला तर आतला क्लॅम्प रेसच्या वायरला ताणतोय.

आतला क्लॅम्प सगळ्यात शेवटी. क्लचच्या वायरचा ॲडजस्टर आणि ब्रेकच्या नळीचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) नेमके तिथेच बाहेर येतात जिथे क्लॅम्पला बसायचं असतं. वायरला मोडती घडी आणि नळीला ताण नको, एवढं धरून क्लॅम्प खाली किंवा पुढे फिरवावा. पट्टी जुळत नसेल तर हातानं हळू, एकदाच वाकवावी. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा मागे-पुढे वाकवलं की त्याला तडा जातो. प्लॅस्टिकची कव्हरं कशीही बसतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट भाच्याला पटवायला वेळ लागला. लिव्हरचे क्लॅम्प गच्च आवळायचे नाहीत. हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊन क्लॅम्प इतकाच आवळायचा की चालवताना हलणार नाही, पण तळहातानं जोरात ठोकलं तर फिरेल. गार्ड असला तरी दगड खालून किंवा मागून येऊ शकतो, आणि फिरलेली लिव्हर परत जागेवर आणता येते. “पण मग ती ढिली राहील ना?” त्यानं विचारलं. मी माझ्या गाडीची लिव्हर त्याला ठोकून फिरवायला लावली, मग तीच परत वर आणायला लावली. त्यावर तो काही बोलला नाही, पाना उचलून स्वतःचे बोल्ट अर्धा फेरा ढिले केले.

परवा पुन्हा गेलो. तो एका ओल्या मुळावरून घसरला, यावेळी डाव्या बाजूला. उठला, गाडी उभी केली आणि निघण्याआधी रेस उघडून सोडली, खट्. क्लच दाबून पाहिला, पुढचा ब्रेक दाबून सोडला, गाडी थोडी पुढे ढकलून चाक मोकळं फिरतंय का पाहिलं. मग खिशातून तोच पुठ्ठ्याचा तुकडा काढून उजव्या फटीत घालून बघितला.